टांगत्या तलवारीखाली काम खरंच चांगलं होतं का? (कायम, कंत्राटी, फ्रीलान्स, सगळ्यांनी लिहा)

रेवती_म

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. आज सविस्तर लिहिते.

मी कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. माल बाहेर पडण्याआधी वजन, जाडी, ओलावा मोजायचा आणि सही करायची, हे माझं काम. पहिली सहा वर्षं कंत्राटावर काढली. दर वर्षी मुदत संपायची. मुदतवाढीचं पत्र कधी आठ दिवस आधी हातात पडायचं, तर कधी मुदत उलटून चार दिवस झाल्यावर. आता कायम होऊन तीन वर्षं झाली आहेत, आणि गेल्या महिन्यापासून विभागाच्या 'पुनर्रचने'ची कुजबुज सुरू झाली आहे. म्हणजे दोन्ही काठांवरून पाणी पाहून झालंय.

सगळीकडे एक वाक्य ऐकू येतं: 'नोकरी जायची भीती असली की माणूस नीट काम करतो.' ते मला का पटत नाही, ते एका सकाळच्या प्रसंगातून सांगते.

कंत्राटाचं चौथं वर्ष, शेवटचा महिना. पाळीच्या सुरुवातीला काटा तपासायचा असतो. 100 ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवलं, आकडा आला 100.02. आमची मर्यादा 0.01 ची. वजन काढलं, काट्याची ताटली पुसली, परत ठेवलं. पुन्हा 100.02. थोडं थांबून तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा 100.01 दिसलं आणि मी वहीत तोच आकडा लिहिला. पहिले दोन लिहिले असते तर काटा बाजूला काढावा लागला असता, लाइन थांबली असती, आणि अहवालात 'कोणाच्या पाळीत' या रकान्यात माझं नाव गेलं असतं. मुदतवाढीच्या याद्या त्याच आठवड्यात बनत होत्या.

त्या महिन्यात मी एकही रजा घेतली नाही. रोज तासभर जास्त थांबले. विभागात सगळ्यात जास्त नमुने मी तपासले. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात शेरा मिळाला 'उत्कृष्ट'.

माझं म्हणणं एवढंच आहे. भीतीने जे वाढतं ते मोजता येतं: तास, हजेरी, नग. आणि भीती जे खाते ते कुठल्याच रकान्यात येत नाही. चूक कबूल करणं, शंका विचारणं, शेजारच्याला शिकवणं, 'हे असं करून बघूया का' असं म्हणणं, सगळं त्यात आलं. तुमचा अनुभव काय? वेगवेगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांतल्या लोकांनी आवर्जून लिहा.

मधुर

वाचतोय. महत्त्वाचा धागा. 'मूल्यमापनात उत्कृष्ट' वाचून थबकलो.

सदाशिव_ज

रेवतीताई, इतक्या मोकळेपणाने लिहिलंत याचा आदर आहे. मी दुसऱ्या बाजूला बसतो. माझ्या हाताखाली तीसेक माणसं आहेत, त्यातली सात कंत्राटावर.

माझा अनुभव असा, की प्रोबेशन संपल्याचं पत्र मिळालं की काही जणांचा वेग दुसऱ्या दिवसापासून उतरतो. हे नुसतं माझं मत नाही. इटलीतल्या एका मोठ्या बँकेत नव्याने लागलेल्या 545 पुरुष आणि 313 स्त्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी इकिनो आणि रिफान या अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या होत्या (2005). तिथे पहिले तीन महिने प्रोबेशन असतं, त्यानंतर नोकरीला कायद्याचं संरक्षण मिळतं. ते मिळाल्याबरोबर गैरहजेरी ठळकपणे वाढली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या आकडेवारीवरचा अभ्यास आला. त्यात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनी विनामोबदला जादा काम करण्याची शक्यता कायम लोकांपेक्षा 60 टक्क्यांनी जास्त निघाली. शापिरो आणि स्टिग्लिट्झ यांनी तर 1984 मध्येच मांडलं होतं, की काम गेल्यावर दुसरं सहज मिळणार नाही, ही जाणीवच कामात कसूर करण्याला आळा घालते.

भीतीचं समर्थन करत नाहीये. पण नोकरी पूर्ण सुरक्षित केली की काम आपोआप सुधारतं, हेही खरं नाही.

रेवती_म

सदाशिवजी, ही बाजू यायलाच हवी होती. नोकरी पक्की झाल्यावर पाय पसरणारी माणसं मीही पाहिली आहेत. त्यांचं काम मलाच उपसावं लागलंय.

पण बँकेच्या अभ्यासात मोजली गेली ती हजेरी, आणि स्विस अभ्यासात जादा तास. माझ्या त्या महिन्याच्या हजेरीपटावरून तुम्ही काय निष्कर्ष काढला असता? तापात कामावर आलेला माणूस हजर धरला जातो. त्याने त्या दिवशी काय केलं, हे हजेरीपट सांगत नाही.

दुसरं असं, की प्रोबेशन आणि टांगती तलवार या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोबेशनला तारीख असते, काय करून दाखवायचं ते माहीत असतं. माझ्या सहा वर्षांत तारीख होती, पण त्या तारखेला काय होणार ते माझ्या कामावर ठरत नव्हतं. ते कुठल्यातरी बजेटवर ठरायचं. मग मेहनत नेमकी कशावर घ्यायची?

प्राची_व

औद्योगिक मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

रेवतीने शेवटी जो प्रश्न विचारला, तो या विषयाच्या मुळाशी आहे. ग्रीनहाल्घ आणि रोझेनब्लाट यांनी 1984 मध्ये नोकरीच्या असुरक्षिततेची व्याख्या केली, ती 'नोकरी जाण्याची शक्यता' एवढ्यावर थांबत नाही. नोकरी धोक्यात आहे आणि ती टिकवण्यासाठी आपल्या हातात काही नाही, ही हतबलता त्यांनी व्याख्येतच घातली. त्यामुळे दोघांच्या बाबतीत धोका सारखाच असला, तरी ज्याला 'मी काहीतरी करू शकतो' असं वाटतं त्याच्यासाठी ते आव्हान ठरतं आणि ज्याला तसं वाटत नाही तो आतून गळून जातो.

सदाशिवजींचं निरीक्षणही अभ्यासात सापडतं. ब्रॉकनर आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये कपातीनंतर मागे उरलेल्या दुकान कर्मचाऱ्यांवर काम केलं. असुरक्षितता अगदी कमी असताना मेहनत कमी, मध्यम असताना सर्वाधिक, आणि फार वाढली की पुन्हा कमी. उलट्या वाटीसारखा आलेख. मात्र त्यात मोजली होती ती मेहनत. दर्जा नव्हे.

दर्जाचा प्रश्न ताहिरा प्रोब्स्ट यांनी घेतला. 2002 मधल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका लुटुपुटूच्या कंपनीत कामाला लावलं आणि काहींना कपात होणार असं सांगितलं. कपातीची धास्ती असलेल्यांनी नग जास्त काढले, पण सुरक्षिततेचे नियम जास्त मोडले आणि दर्जा घसरला. 2007 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत कल्पकता तपासली. तिथेही उत्पादन वर गेलं, कल्पकतेने प्रश्न सोडवणं खाली आलं. रेवतीचा काटा आठवा.

एकत्रित चित्र बघायचं तर स्वेर्के आणि सहकाऱ्यांचे दोन आढावे आहेत. 2002 च्या आढाव्यात वर्तनावरचे परिणाम अंगमेहनतीच्या कामगारांत जास्त वाईट दिसले. 2019 च्या आढाव्यात असुरक्षितता आणि खालावलेली कामगिरी हातात हात घालून जाताना दिसली, मग कामगिरी स्वतः सांगितलेली असो वा वरिष्ठांनी. आणि सामाजिक संरक्षण भक्कम असलेल्या देशांत हा संबंध सौम्य होता. मला हे फार बोलकं वाटतं. नोकरी गेली तरी घर उघड्यावर पडणार नाही, एवढी हमी असेल तर डोकं कामात राहतं.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्याचं काम आधीच डळमळीत आहे त्याला नोकरीची भीती जास्त वाटणार, हे उघड आहे. त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे नुसत्या आकडेवारीतून नेहमी सुटत नाही. म्हणूनच प्रयोगांना किंमत आहे.

कायम आणि कंत्राटी यांतल्या फरकाबद्दल नंतर लिहिते, तो वेगळाच गुंता आहे.

भास्कर_न

एकाच ठिकाणी एकोणीस वर्षं आहे. कायम. यंत्रांची जुळणी करतो.

आमच्याकडे एक जुनं यंत्र आहे. उन्हाळ्यात एक सेटिंग, थंडीत दुसरं, माल बदलला की तिसरं. हे कुठल्याच पुस्तकात नाही, माझ्या वहीत आहे. ती वही वर्षानुवर्षं यंत्रावरच पडलेली असायची. नवीन आलेली पोरं त्यातून उतरवून घ्यायची, मी बाजूला उभा राहून समजावायचो, त्यात मला आनंद होता.

दोन वर्षांपूर्वी कपातीची नोटीस लागली. नावं नव्हती, 'काही पदं' एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी मी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. कोणी सांगितलं नाही, ठरवलंही नाही. हात आपोआप गेला.

पुढे एक मुलगा विचारायला आला, 'काका, ओलसर मालाला किती ठेवायचं?' मी म्हटलं, 'बघ करून, येईल अंदाज.' त्याने अंदाजाने केलं आणि पूर्ण रोल वाया गेला. मला येत असूनही मी सांगितलं नव्हतं. त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

माझं पद राहिलं. माझ्या कामाचे आकडे त्या काळात कमी झाले नव्हते, उलट बरे होते, कारण ते यंत्र फक्त मलाच चालवता येत होतं.

मधुर

भास्करकाका, वही आता कुठे आहे?

भास्कर_न

यंत्रावर. पण मधले आठ-नऊ महिने गेलेच. तो मुलगा सोडून गेला.

दुचाकीस्वार

अ‍ॅपवर डिलिव्हरी करतो. आमच्यात कायमही नाही, कंत्राटीही नाही. 'भागीदार' म्हणतात.

आमची भीती वेगळी आहे. साहेब नाही, फोन आहे. रेटिंग ठरावीक आकड्याच्या खाली गेलं की ऑर्डर कमी येतात, आणखी खाली गेलं तर आयडी बंद. आयडी बंद झाला की कोणाला विचारायचं? चॅटवर ठरलेली उत्तरं येतात. माझा एकदा दोन दिवस बंद होता. का, ते आजही माहीत नाही. परत सुरू कसा झाला, तेही नाही.

तुम्ही म्हणता भीतीने काम वाढतं. वाढतंच. त्या दोन दिवसांनंतर महिनाभर मी एकही ऑर्डर नाकारली नाही. पाऊस, लांबचं अंतर, काही बघितलं नाही. सिग्नलवर पिवळा दिसला की गाडी दामटायची. अ‍ॅपच्या हिशेबात तो माझा सगळ्यात चांगला महिना. त्याच महिन्यात दोनदा घसरलो. ते अ‍ॅपमध्ये नाही, माझ्या गुडघ्यावर आहे.

कामगिरी म्हणजे काय, हे आधी ठरवा. मिनिटं मोजणार असाल तर आम्ही जगात सगळ्यात चांगले कामगार आहोत.

शुभ्रा

दुचाकीस्वार, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या क्षेत्रालाही लागू आहे. काळजी घ्या.

मी परिचारिका आहे, पूर्वी करारावर होते. औषध चुकीच्या वेळी दिलं गेलं, किंवा देता देता चूक लक्षात आली, तर ते नोंदवायचं असतं. 'होता होता टळलं' याची नोंद सगळ्यात मोलाची, कारण त्यातूनच पुढची खरी चूक थांबते. पण ज्यांच्या कराराला महिना उरलेला असायचा त्यांच्या पाळीत अशा नोंदी जवळजवळ नसायच्याच. कागदावर त्या पाळ्या सगळ्यात सुरक्षित दिसायच्या.

अक्षरवेल

मी फ्रीलान्स अनुवादक. बारा वर्षं.

थोडा वेगळा सूर लावते. माझी कुठलीच नोकरी पक्की नाही, पण कायम नोकरीतल्या माझ्या बहिणीपेक्षा मी कमी घाबरलेली असते. तिचं एकच टोपलं आहे. माझी आठ-नऊ गिऱ्हाइकं आहेत, एक गेलं तर पोटात गोळा येतो पण घर चालतं. मधली दोन वर्षं मात्र एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडून सत्तर टक्के काम येत होतं. तेव्हा माझं काम बिघडलं.

कसं, ते सांगते. मूळ मजकुरात चूक दिसली तर मी पूर्वी लगेच कळवायची: 'या परिच्छेदात आकडा जुळत नाही, बघून घ्या.' त्या दोन वर्षांत ते बंद केलं. कटकट करणारी वाटेन, अशी भीती. मुदतीबद्दल 'जमणार नाही' म्हणणं बंद केलं. सगळ्याला हो. मग रात्री जागून काम, दुसऱ्या वाचनाला वेळच नाही. गिऱ्हाईक खूश होतं, कारण सगळं वेळेत मिळत होतं.

म्हणून मला वाटतं, नोकरीच्या प्रकारापेक्षा 'हे गेलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे' या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. ज्याच्याकडे उत्तर आहे तो खरं बोलू शकतो.

प्राची_व

अक्षरवेल, अगदी नेमकं. आमच्याकडे त्याला 'नोकरीक्षमता' म्हणतात. दुसरं काम मिळवता येईल हा विश्वास असला की असुरक्षिततेची धार बोथट होते.

आता राहिलेलं लिहिते. साधा तर्क असा, की कंत्राटी माणसाची नोकरी जास्त कच्ची, म्हणून तो जास्त पोळणार. बेल्जियममध्ये द कायपर आणि द विट् यांनी हे तपासलं तेव्हा चित्र उलटं निघालं. असुरक्षितता वाढली की कामातलं समाधान आणि संस्थेबद्दलची आपुलकी कायम कर्मचाऱ्यांत घटत होती, तात्पुरत्यांत तसं होत नव्हतं. कामगिरीच्या बाबतीत मात्र हा फरक इतका स्वच्छ नाही.

याचं स्पष्टीकरण 'मानसिक करारा'त शोधतात. डेनिस रुसो यांनी 1989 पासून ही कल्पना विस्ताराने मांडली. कागदावरच्या करारापलीकडे माणसाच्या मनात एक करार असतो. तात्पुरत्या माणसाचा बहुधा व्यवहाराचा: इतके महिने, इतकं काम, इतके पैसे. कायम माणसाचा नात्याचा: मी निष्ठा देतो, तुम्ही मला सांभाळा. त्यामुळे कपातीची नोटीस तात्पुरत्यासाठी वाईट बातमी असते, तर कायम माणसासाठी तो शब्द मोडणं असतं. भास्करकाकांचा हात कुलपाकडे गेला तो इथे.

पण कंत्राटी माणसाला सहा वर्षं 'पुढच्या वर्षी नक्की कायम करू' असं सांगितलं, तर त्याच्याही मनात नात्याचा करार तयार होतो. त्याच्या वाट्याला दोन्हीकडचं वाईट येतं. रेवती, तुझ्या बाबतीत असंच झालं असावं.

आणखी एक प्रकार राहून जातो, म्हणून लिहिते. नोकरी जाणार नाही, पण त्यातलं बरं ते जाईल ही भीती: पद, काम, टीम, बढती. हेलग्रेन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ही 'गुणात्मक' असुरक्षितता वेगळी काढली. ज्यांची नोकरी कागदावर कोणी हलवू शकत नाही, त्यांनाही ती छळते.

रेवती_म

हो प्राचीताई. 'तू आपलीच आहेस' हे वाक्य मी सहाही वर्षं ऐकलं.

सदाशिव_ज

दोन दिवस प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. शुभ्राताईंनी नोंदींबद्दल लिहिलं, ते वाचून मी माझ्या विभागाची दोषनोंद उघडली. वर्षभरातल्या नोंदी कोणी केल्या ते पाहिलं. कंत्राटी सात जणांच्या नावावर एकच नोंद आहे. आजवर मी याचा अर्थ 'ही मंडळी काटेकोर आहेत' असा घेत होतो.

माझी अडचणही समजून घ्या. कोणाला मुदतवाढ मिळणार ते मलाच शेवटच्या आठवड्यात कळतं. वरून मंजुरी येईपर्यंत मी काय सांगू? खोटा दिलासा द्यायचा नाही आणि घाबरवायचंही नाही, म्हणून गप्प बसतो.

प्राची_व

सदाशिवजी, गप्प बसणं हेही सांगणंच असतं. माणसं ती जागा स्वतः भरतात, आणि बहुतेक वेळा वाईटात वाईट शक्यतेने.

यावर श्वायगर आणि डेनिसी यांचा 1991 चा प्रयोग आहे. दोन कंपन्यांचं विलीनीकरण होणार होतं. एका कारखान्यात वरिष्ठांचं पत्र देऊन विषय संपवला. दुसऱ्यात नियमित बातमीपत्र, शंका विचारायला फोन, पर्यवेक्षकांबरोबर दर आठवड्याला बैठक. घोषणा झाल्यावर दोन्हीकडे अस्वस्थता वाढली. पुढे पहिल्या कारखान्यात ती वाढत राहिली, दुसऱ्यात थांबली. तिथे सगळ्यांना चांगलीच बातमी मिळाली असं नव्हतं. जे माहीत आहे ते, आणि जे अजून ठरलेलं नाही ते ठरलेलं नाही म्हणून, एवढंच सांगितलं जात होतं.

तुम्हाला निर्णय माहीत नसेल. पण निर्णय कधी होणार, कोण घेणार, कशावर घेणार आणि कामातल्या कुठल्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध नाही, हे तर माहीत आहे ना? दोष नोंदवला म्हणून यादीतून नाव जात नाही, हे तुम्ही त्या सात जणांना कधी तोंडाने सांगितलंय का?

सदाशिव_ज

नाही. आणि नाव जात नाही याची खात्री मला स्वतःलाही आधी करून घ्यावी लागेल. याद्या मी एकटा बनवत नाही. विचारतो.

दुचाकीस्वार

सदाशिव सर, विचाराच. आम्हाला विचारायला माणूसच नाही, तुमच्याकडे तुम्ही आहात.

शुभ्रा

रेवती, एक राहून गेलं. त्या काट्याचं पुढे काय झालं?

रेवती_म

कोणीतरी विचारेल असं वाटलंच होतं.

मुदतवाढीचं पत्र त्यानंतर एकोणीस दिवसांनी आलं. सकाळी अकराला सही केली. दुपारी तीनला पर्यवेक्षकांकडे गेले आणि काट्यात फरक येतोय असं सांगितलं. 'आज आला का?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, एकोणीस दिवसांपूर्वी. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

मधल्या काळात एक्केचाळीस बॅच त्या काट्यावरून गेल्या होत्या. गोदामातून परत काढून सगळ्या मोजल्या. अडतीस ठीक निघाल्या, तीन थांबवल्या. काटा दुरुस्तीला गेला, दोन दिवसांत परत आला. लाइन थांबली ती जेमतेम अर्धा तास. मला कोणी काही म्हटलं नाही.

नोंदवहीचं ते पान मी अधूनमधून उघडते. 100.01 पुढे माझी सही आहे, आणि एकोणीस दिवसांनंतरच्या दुरुस्तीच्या नोंदीपुढेही माझीच.